ॲल्युमिनियमची बॉडी : नाव कोणाचे, काम कोणाचे?

मालाच्या छोट्या गाडीवर लोखंडी बॉडी बसवावी की ॲल्युमिनियमची, आणि ॲल्युमिनियमची घ्यायची तर कोणत्या कंपनीची? कापडाच्या बाजारात हा सवाल हल्ली वारंवार कानावर येतो. सवालाचा पहिला भाग रास्त आहे. दुसरा भाग मात्र ग्राहकाला चुकीच्या वाटेने नेतो, असे आमचे मत आहे.

गाडी टाटाची असते, महिंद्राची असते किंवा अशोक लेलँडची असते. तिच्यावरची बंद बॉडी मात्र बहुतेक वेळा गावातला किंवा शेजारच्या शहरातला बॉडीवाला बांधतो. त्याच्या दारावर ‘हिंडाल्को’ किंवा ‘जिंदाल’ असे नाव रंगवलेले असते आणि आपला माणूस समजतो की बॉडी त्या कंपनीची आहे. प्रत्यक्षात त्या कंपनीचा असतो तो पत्रा किंवा चॅनेल. तो कापला कोणी, जोडला कसा आणि जोडाला काय लावले, याची जबाबदारी ती कंपनी घेत नाही. मलमल चांगल्या गिरणीची असली तरी कुर्ता शिवतो शिंपीच. हे आम्हा कापडवाल्यांना वेगळे सांगायला नको.

यात रक्कम लहान नसते. आपल्या बिरादरीतले बरेच लोक व्याजाचा व्यवहार टाळतात आणि बचत जमवून, भावाकडून-मेहुण्याकडून उसने घेऊन रोखीने गाडी उभी करतात. अशा माणसाची बॉडी दुसऱ्या पावसाळ्यात गळू लागली, तर बदलायला त्याच्याकडे पुन्हा तेवढी रक्कम नसते. शिवाय आत भिजलेला माल परक्याचा असतो. डाग पडलेल्या कापडाची भरपाई त्यालाच करावी लागते.

आधी गाडीविषयी थोडक्यात. टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, २००५ साली बाजारात आला. दोन सिलिंडरचे ७०२ सी.सी.चे डिझेल इंजिन आणि पाऊण टनाची क्षमता, यामुळे तीनचाकी चालवणारा माणूस चारचाकीवर आला. २०११ साली अशोक लेलँडचा दोस्त आला, तो सव्वा टनाचा. मारुतीची सुपर कॅरी २०१६ साली आली. महिंद्राची बोलेरो पिकअप खेड्यापाड्यातल्या रस्त्यांवर आधीपासून होतीच. यात कोणती चांगली, हे ज्याने त्याने आपल्या गावातले मेकॅनिक आणि सुटे भाग पाहून ठरवावे. आमच्या विषयापुरते एवढेच की या गाड्यांवर जेवढा माल न्यायची परवानगी असते, त्यातून बॉडीचे वजन वजा होते. कंपनीच्या कागदावर छापलेली क्षमता साधारणपणे कंपनीच्याच उघड्या डेकसह धरलेली असते. तुम्ही बंद पेटी बसवली की तिचे जादा वजन तुमच्या मालातून कापले जाते. हा हिशोब बॉडीवाला सांगत नाही, शोरूमवालाही सांगत नाही.

ॲल्युमिनियम घेण्याचे खरे कारण इथेच आहे. या धातूचे वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. पण म्हणून बॉडी एक तृतीयांश वजनाची होईल असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नये. ॲल्युमिनियमचा ताठपणाही लोखंडाच्या एक तृतीयांशच असतो. त्यामुळे तेवढीच मजबुती हवी तर पत्रा जाड घ्यावा लागतो, चॅनेल मोठा घ्यावा लागतो आणि वाचलेल्या वजनापैकी बरेचसे परत जाते. तरीही जे उरते ते कामाचे असते. आपल्या रेल्वेने ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वरहून ॲल्युमिनियमच्या ६१ वाघिणींची पहिली मालगाडी सोडली. ती लोखंडी गाडीपेक्षा १८० टन हलकी असल्याचे जाहीर झाले होते. तिथेही धातू हिंडाल्कोचा आणि वाघिणी बांधणारी बेस्को ही वेगळी कंपनी, हे लक्षात घ्यावे.

आता आपला हिशोब. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, वाचकांनी आपले घालावेत. बॉडी १२० किलोने हलकी झाली आणि ग्रे कापडाचा एक तागा १२ किलोचा असला, तर दर खेपेला १० तागे जास्त बसतात. एका ताग्यामागे १० रुपये भाडे सुटत असेल तर खेपेला १०० रुपये झाले. ॲल्युमिनियमसाठी ४०,००० रुपये जास्त मोजले असतील तर ते ४०० भरलेल्या खेपांत वसूल होतात. महिन्याला १५ भरलेल्या खेपा धरल्या तर सव्वादोन वर्षे लागतात. रिकाम्या परतीच्या खेपा यात धरू नयेत. पुष्कळ लोक धरतात आणि वर्षभरात पैसे सुटतील अशा भ्रमात राहतात.

हा फायदा वजनदार मालवाल्याचा आहे. ग्रे कापड, सूत, चादरी नेणाऱ्याची गाडी काठोकाठ भरण्याआधीच वजनाची हद्द येते. रेडिमेड कपडे, टोप्या, रजया नेणाऱ्याचे उलटे असते. त्याची गाडी छतापर्यंत भरते तरी वजन पुरे होत नाही. त्याला ॲल्युमिनियमने एक गठ्ठाही जास्त नेता येणार नाही, डिझेल थोडे वाचेल इतकेच. अशा बांधवाने चांगली रंगवलेली लोखंडी बॉडी घ्यावी आणि उरलेले पैसे मालात घालावेत. आणि वजन तर नेहमीच थोडे जास्त भरतो, असे म्हणणाऱ्यांना आठवण करून द्यावीशी वाटते की २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा आहे.

बांधणीकडे वळण्याआधी थोडे दूरचे उदाहरण देतो. अमेरिकेत घोडे नेण्यासाठी गाडीमागे जोडायचे ट्रेलर असतात. त्यात ॲल्युमिनियमचा वापर फार जुना आहे. फेदरलाइट ही तिथली कंपनी १९७३ पासून या धंद्यात आहे. तिकडे कंपन्यांची नावे खरोखर अर्थाची असतात, कारण सगळा ट्रेलर एकाच कारखान्यात बांधला जातो. तरीसुद्धा तिथला जाणता ग्राहक दोन गोष्टी विचारतोच. सांगाडाही ॲल्युमिनियमचा आहे की लोखंडी सांगाड्यावर नुसता ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला आहे? आणि तळ कसा आहे? घोड्याचे मूत्र रबरी चटईखाली साचून तळ खाते, म्हणून चटई उचलून तळ धुवावा लागतो. वरून चकचकीत दिसणारा ट्रेलर खालून पोखरलेला असू शकतो. आपल्या गाडीत घोडे नसतात, पण विचारायचे सवाल हेच आहेत.

आपल्याकडे ‘ॲल्युमिनियम बॉडी’ म्हणून जे विकले जाते, त्यात पुष्कळदा सांगाडा लोखंडी चौकोनी नळ्यांचा असतो आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा. यात फसवणूक आहेच असे नाही. स्वस्त पडते आणि नीट बांधली तर टिकतेही. पण सांगून विकली पाहिजे. ओळखायला खिशात लहान लोहचुंबक ठेवावे. कोपऱ्याच्या खांबाला, छताच्या आडव्या पट्टीला, तळाखालच्या तुळयांना लावून पाहावे. जिथे चिकटेल तिथे लोखंड.

लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना भिडले आणि मध्ये पाणी गेले की ॲल्युमिनियम झिजू लागते. मिठाच्या हवेत हे आणखी लवकर होते, म्हणून भिवंडी, मुंबई, रत्नागिरीकडच्या लोकांनी जास्त जपावे. आधी जोडावर पांढरी भुकटी येते, मग पत्रा फुगतो, मग भोक पडते. उपाय साधा आहे. दोन धातूंच्या मध्ये रबराची किंवा न थिजणाऱ्या टेपची पट्टी घालायची, लोखंडाला आधी प्रायमर मारायचा आणि बोल्टखाली नायलॉनचा वॉशर द्यायचा. खर्च थोडा, पण वेळ लागतो. घाईचा कारागीर हे टाळतो आणि वरून सिलिकॉन फासून जोड झाकतो. म्हणून बॉडी तयार झाल्यावर नव्हे, सांगाडा उभा असताना आणि पत्रा चढायच्या आधी एकदा जाऊन पाहावे. ही एक चक्कर आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते.

रिव्हेटकडेही पाहावे. स्वस्तातला पॉप रिव्हेट बाहेरून ॲल्युमिनियमचा असतो, पण त्याच्या पोटातला खिळा लोखंडी राहतो. पावसाळ्यानंतर पांढऱ्या पत्र्यावर तपकिरी ओघळ दिसतात ते त्याचेच. उन्हात ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. दहा फुटांच्या बाजूला ४० अंशांचा फरक पडला तर ती सुमारे पावणेतीन मिलिमीटर लांबते, आणि खालचे लोखंड त्याच्या निम्मेच. रोजची ही ओढाताण रिव्हेट ढिले करते. रिव्हेट दूर दूर मारलेले असतील किंवा पत्र्याच्या अगदी काठावर असतील, तर ती बॉडी दोन उन्हाळ्यांत खडखडू लागेल.

वेल्डिंगविषयी एक गैरसमज आहे. वेल्डिंग जास्त तेवढी बॉडी मजबूत, असे आपले लोक धरून चालतात. लोखंडात ते चालते. चॅनेलसाठी वापरतात ती ६०६१ किंवा ६०६३ जातीची मिश्रधातू उष्णता देऊन कडक केलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आसपास ती पुन्हा मऊ पडते. शिवाय तिला आर्गॉन वायूचे वेल्डिंग लागते आणि हात बसलेला माणूस लागतो. बोल्ट-रिव्हेटने नीट बांधलेला सांगाडा कच्च्या वेल्डिंगपेक्षा केव्हाही बरा. याचीच दुसरी बाजू म्हणजे रस्त्यातली दुरुस्ती. लोखंडी फाळका तुटला तर महामार्गावर कुठलाही वेल्डर तो जोडून देतो. ॲल्युमिनियमसाठी शहर गाठावे लागते. मालेगावहून राजस्थानला माल पोचवणाऱ्याने याचा विचार आधी करावा.

पाण्याची परीक्षा स्वतः करावी. भर दुपारी आत उभे राहून दारे बंद करायची. जिथून उजेड दिसेल तिथून पाणी येणारच. मग तळावर जुनी वर्तमानपत्रे पसरून बाहेरून अर्धा तास पाइपने पाणी मारायचे, विशेषतः दाराची चौकट आणि छताचे कोपरे इथे. कागदावरचे डाग कोणत्या जागी पडले ते बॉडीवाल्याला दाखवायचे. छताजवळ हवेसाठी जाळी ठेवायला सांगावी, नाहीतर पावसाळ्याच्या रात्री आतल्या दमटपणानेच छताला पाणी सुटते आणि गळती शोधत बसावे लागते.

रंगाई-धुलाईच्या कामात असलेल्या बांधवांसाठी एक खास गोष्ट. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, आणि सावकाश नव्हे, फसफसून खातो. त्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेणारा असतो. परतीच्या खेपेला कॉस्टिकचे ड्रम किंवा रंगाईचे मीठ नेण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी ॲल्युमिनियमचा तळ घेऊच नये. घेतलाच तर तो माल दुसऱ्या गाडीने आणावा. ओली चुना-सिमेंटची पोती, धुण्याचा सोडा यांचेही तसेच. गाडी धुणाऱ्या पोराला हे समजावून सांगावे, कारण चमक आणण्यासाठी तो काय वापरतो हे आपल्याला माहीत नसते.

जुनी बॉडी घेणाऱ्यांनी तर खाली वाकूनच पाहावे. आमच्या माहितीतल्या एका व्यापाऱ्याने नव्या रंगाची बॉडी घेतली होती. तळावरची प्लायवूड उचलल्यावर चार जागी पुटी भरून पत्रा गुळगुळीत केलेला निघाला. विकणारा म्हणाला, तुम्ही विचारले कुठे? हा जवाब आपल्याकडे चालत नाही. सहीह मुस्लिममध्ये धान्याच्या ढिगाचा प्रसंग आहे. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बाजारात ढिगात हात घातला, तर वर कोरडे आणि आत ओले धान्य लागले. ओला भाग वर का ठेवला नाहीस, असा त्यांचा सवाल होता. ऐब सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे, आणि आपल्यापैकी जे बॉडी बांधतात किंवा जुन्या गाड्या विकतात त्यांनाही आम्ही हे सांगत आहोत. वाकलेला पत्रा दाखवून दोन हजार कमी घेतले तरी सौदा होतो.

आता कागद. ठरलेल्या रकमेच्या चिठ्ठीवर फक्त ‘ॲल्युमिनियम बॉडी, एक नग’ असे लिहून घेऊ नये. सांगाडा कशाचा, पत्रा किती मिलिमीटर, कोणत्या जातीचा, रिव्हेट कोणते, लोखंड लागेल तिथे मध्ये काय घालणार, आणि किती महिन्यांत गळली तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे सगळे लिहून घ्यावे. चॅसीला वेल्डिंग करणार नाही किंवा भोक पाडणार नाही, हेही त्यात असावे. बॉडी गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या जागीच बसवायची असते, नाहीतर वॉरंटीचा वाद होतो. नव्या चॅसीवर बॉडी बांधली तर फॉर्म २२-ए चा बॉडीवाल्याचा भाग भरून त्याची सही लागते. चालू गाडीची बॉडी बदलायची असेल तर आधी आर.टी.ओ.ची मंजुरी घ्यावी आणि नंतर आर.सी.वर रिकाम्या गाडीचे वजन बदलून घ्यावे. हे केले नाही, तर हलक्या बॉडीमुळे मिळालेले १२० किलो कागदावर मिळतच नाहीत.

म्हणून वजनाचे बोलणे तोंडी ठेवू नये. बॉडी बसवण्याआधी नुसती चॅसी काट्यावर न्यावी आणि बसवल्यानंतर पुन्हा न्यावी, दोन्ही वेळा टाकीत डिझेल सारखेच ठेवून. दोन पावत्यांतला फरक म्हणजे बॉडीचे वजन. बॉडीवाल्याने सांगितलेल्या वजनाशी ते जुळले की मगच उरलेली रक्कम चुकती करावी.