यंत्र मेंदूत, जबाबदारी कोणाची?

लंडनमधील एक वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली 'थरथरणाऱ्या पक्षाघाता'वर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या या विकाराला मराठीत कंपवात म्हणतात. या नावामुळे थरथरणारा हात तेवढा डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रत्यक्षात रुग्णाला अधिक परावलंबी करते ती हालचालींतील मंदता, स्नायूंचा ताठरपणा आणि चालता चालता उंबरठ्याशी पाय जमिनीला खिळून राहणे. मेंदूच्या खोल भागातील पेशींचा एक समूह हळूहळू नष्ट होतो, त्या पेशींत तयार होणारे डोपामीन हे द्रव्य कमी पडते आणि इच्छा व कृती यांमधील दुवा निखळू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात असे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते.

हा दुवा यंत्राच्या साहाय्याने सांधण्याचे प्रयत्न आता प्रयोगशाळेबाहेर आले आहेत. त्यांचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु यंत्र बसविल्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांचा भार कोणी वाहावयाचा, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे.

१९६०च्या दशकात आलेले लेव्होडोपा हे औषध आजही उपचारांचा कणा आहे. मात्र काही वर्षांनी त्याचा परिणाम दिवसभरात कमी-अधिक होऊ लागतो आणि अंगाला अनावर झटके येऊ लागतात. १९८७ साली फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या खोल भागात बारीक तार ठेवून कंप थांबविण्यासाठी सतत विद्युत्-स्पंद देण्याची पद्धत सुरू केली. निवडक रुग्णांना तिचा मोठा लाभ झाला. तथापि ते यंत्र आंधळे होते. रुग्ण चालत असो वा झोपलेला असो, ठरवून दिलेला प्रवाह ते सोडत राही.

नव्या यंत्राला जणू दृष्टी आली आहे. कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे १३ ते ३० आंदोलनांच्या लहरी बळावतात व हालचाल जखडते, असे संशोधकांना आढळून आले. या लहरी त्याच तारेतून टिपून त्यांच्या चढउतारानुसार प्रवाह आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता दिली. त्यापूर्वी, २०२३ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी कमरेच्या भागातील मज्जारज्जूला स्पंद देऊन दीर्घकाळ आजारी असलेल्या एका रुग्णाचे चालणे पुष्कळच सुधारल्याचे प्रसिद्ध केले. माकडांवरील प्रयोगात चालण्याचा हेतू मेंदूच्या संकेतांवरून ओळखला गेला होता. या रुग्णाच्या बाबतीत मात्र पायांवरील संवेदकांचा आधार घेण्यात आला. एका रुग्णाच्या यशावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढणे अर्थातच घाईचे ठरेल.

शिवाय यंत्र म्हणजे पुनर्वसन नव्हे. तोल जाणे व पाय खिळणे या तक्रारींवर मेंदूतील स्पंदांचा नेहमीच उपयोग होतो असे नाही. तेथे भौतिकोपचार, नियमित व्यायाम, जमिनीवर आखलेले आडवे पट्टे, ठेक्यावर टाकलेली पावले अशा साध्या उपायांकडेच वळावे लागते. त्यांना भांडवल थोडे लागते. पण शिकवणारी माणसे आणि सातत्य भरपूर लागते.

अर्थशास्त्रात भांडवली खर्च व आवर्ती खर्च यांत भेद केला जातो. आपल्याकडे धरण बांधण्यास पैसा मिळतो, कालव्यांच्या दुरुस्तीस मिळत नाही. आरोग्यसेवेतही तेच घडण्याची भीती आहे. शस्त्रक्रियेचा लाखोंचा खर्च एखादा न्यास वा निधी उचलील, छायाचित्रही छापून येईल. परंतु साध्या बॅटरीचे आयुष्य सामान्यतः तीन ते पाच वर्षांचे असते. ती बदलणे म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया आणि पुन्हा खर्च. प्रवाहाचे प्रमाण जुळवून घेण्यासाठी तज्ज्ञाकडे वारंवार जावे लागते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबाने हा हिशेब पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच मांडावयास हवा आणि तो मांडून दाखविणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे.

उत्पादकाने अंग काढून घेतल्यास काय होते, याचा धडा समोर आहे. 'सेकंड साइट' या अमेरिकी कंपनीने साडेतीनशेहून अधिक अंध व्यक्तींच्या डोळ्यांत कृत्रिम दृष्टिपटल बसविले होते. आर्थिक अडचणींमुळे तिने त्या यंत्राचा पाठपुरावा सोडला आणि दुरुस्तीची सोय नसलेले यंत्र शरीरात बाळगण्याची पाळी रुग्णांवर आली. बिघडलेला पंखा उतरवून ठेवता येतो; मेंदूतील तार तशी काढून ठेवता येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने कंपवाताला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. त्या मान्यतेला आता आशय प्राप्त करून दिला पाहिजे. अशा यंत्राच्या विक्रीस अनुमती देताना सुटे भाग व देखभाल यांची दीर्घ मुदतीची हमी आणि त्यासाठी वेगळी राखलेली ठेव सक्तीची करावी. विम्याने बॅटरी बदलण्याचा व यंत्र जुळविण्याचा खर्चही उचलावा. त्याबरोबरच लेव्होडोपाचा अखंड पुरवठा आणि प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचावेत. मुंबईत २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी व पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ यांसारख्या संस्था रुग्णांना एकत्र आणून त्यांचा धीर व उमेद टिकवून आहेत. पण शासनाचे काम त्यांच्या खांद्यांवर टाकता येणार नाही.

विज्ञानाने मेंदूचे संकेत वाचण्यास प्रारंभ केला आहे. पाऊल उचलू पाहणाऱ्या रुग्णाला पहिल्या पावलापुरता आधार पुरणार नाही. पुढच्या प्रत्येक पावलाची तरतूद अंदाजपत्रकात दिसली पाहिजे.