होम्सची टोपी कुणाची? सिडनी पॅजेटची गोष्ट

मंडळी, जरा डोळे मिटून शेरलॉक होम्स आठवा. दिसली ना ती कानपट्ट्यांची टोपी? आता गंमत ऐका. 'डिअरस्टॉकर' हे त्या टोपीचं नाव कॉनन डॉईलने होम्सच्या एकाही कथेत लिहिलेलं नाही. 'बॉसकोम्ब व्हॅली'च्या कथेत नुसती डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी आहे. तिची डिअरस्टॉकर झाली ती चित्रकाराच्या कुंचल्यातून. त्याचं नाव सिडनी पॅजेट.

सिडनीचा जन्म १८६० चा, लंडनचा. शिक्षण रॉयल अकॅडमीच्या शाळेत. हेन्री आणि वॉल्टर हे भाऊही चित्रकारच, आणि घोटाळा झाला तो इथेच. १८९१ साली जॉर्ज न्यून्स यांनी 'स्ट्रँड' मासिक सुरू केलं, भरपूर चित्रांचं. जुलैपासून त्यात होम्सच्या कथा येणार होत्या. चित्रांसाठी हवा होता वॉल्टर. पण पत्रावर पूर्ण नाव नव्हतं, ते सिडनीने उघडलं आणि काम त्याला मिळालं, असं सांगतात.

पुढची गोष्ट आणखी मजेची. सिडनीने होम्सचा चेहरा भावावरूनच घेतला, अशी बोलवा झाली. स्वतः डॉईलही तसंच समजत होता. हेन्रीने मात्र ते साफ नाकारलं. एवढं खरं, की डॉईलच्या मनातला होम्स बराच कुरूप होता. पॅजेटने त्याला देखणा केला. डॉईलने ते हसत मान्य केलं. वाचक तर त्या चेहऱ्यालाच होम्स मानू लागले.

पण पॅजेटवर एक अन्याय होतो, तो सांगितलाच पाहिजे. ती टोपी खेड्यापाड्यात, प्रवासात घालायची. पॅजेटचा होम्स ती घालतो तो आगगाडीच्या डब्यात, लंडनबाहेर निघताना. शहरात त्याच्या डोक्यावर बहुधा उंच हॅट असते. लंडनच्या रस्त्यावर डिअरस्टॉकर घालून फिरणारा होम्स ही नंतरच्यांची करामत! तो वाकडा पाईपही पॅजेटचा नव्हे, त्याने काढलेले पाईप सरळ.

१८९३ च्या डिसेंबरात होम्स रायखेनबाखच्या धबधब्यात गेला. मोरियार्टीशी कड्यावर झुंजणारा होम्स आपण पाहतो तो पॅजेटच्याच चित्रातून. त्याच वर्षी पॅजेटचं लग्न झालं. डॉईलने त्याला चांदीची सिगारेटची डबी दिली, आणि तीवर देणाऱ्याचं नाव कोरलं होतं शेरलॉक होम्स!

'बास्करव्हिल'साठी १९०१ मध्ये आणि होम्स परतला तेव्हा १९०३ मध्ये, पुन्हा पॅजेटच. होम्सची एकूण ३५६ चित्रं त्याने काढली. १९०८ साली तो गेला, वय अवघं ४७. होम्सच्या कथा चालूच राहिल्या, चित्रकार बदलत गेले. १९१३ च्या डिसेंबरात 'स्ट्रँड'मध्ये आलेल्या एका होम्सकथेची चित्रं होती वॉल्टर पॅजेटची.