मदतीच्या पैशातली शिष्यवृत्ती

ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती १९८३ पासून सुरू आहे. एक वर्षाच्या मास्टर्सची फी, राहण्याचा खर्च, विमानाचं तिकीट असं सगळं मिळतं. त्यानंतर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतायची अट असते. विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांवरचा असा खर्च परकीय मदतीत धरता येतो. त्या मदतीलाच आता कात्री लागली आहे: राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ०.५, आणि २०२७ पर्यंत ०.३.

मग शिष्यवृत्ती चालू ठेवावी का? पैसा कुठे जातो ते पाहा. फी ब्रिटिश विद्यापीठाकडे, भाडं तिथल्याच घरमालकाकडे. अर्जासाठी पदवी आणि सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे गावातली सर्वांत गरीब मुलगी या रांगेत सहसा नसतेच. तिला आधी शाळा हवी, लस हवी.

तरीही ही योजना बंद करणं मला चुकीचं वाटतं. साथरोगांचं शास्त्र शिकून मलावीत परतलेला एक आरोग्य अधिकारी पुढची वीस-तीस वर्षं तिथेच उपयोगी पडतो. फक्त हा पैसा लसीच्या वाट्यातून काढू नये. परराष्ट्र धोरणाचा खर्च म्हणून वेगळा मांडावा.