सत्तेचाळीस अंशांतला स्टोरेज सर्व्हर

ताडोबातल्या एका सकाळच्या सफारीत हजारभर फोटो सहज निघतात. एक रॉ फोटो ३० एमबीचा धरला तरी ३० जीबी झाले. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने व्हिडिओ घेतला तर तासाला ४५ जीबी. यातले जुने काही टाकवत नाही, कारण वाघ ओळखायचा तो पट्ट्यांवरून. त्याच्या दोन कुशींवरचे पट्टेही सारखे नसतात, म्हणून व्याघ्रगणनेत कॅमेरे समोरासमोर जोडीने लावतात. २०१८च्या गणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि वन्यजीवांचे जवळपास साडेतीन कोटी फोटो जमले. गडचिरोलीकडे नोंदी वेगळ्या असतात. तिथल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. असे हक्क सांभाळायचे म्हणजे नकाशे, बांबू-तेंदूचे हिशेब आणि ठरावांचे कागद वर्षानुवर्षे जपणे आले.

यूएसबी डिस्कची चळत वाढली की अनेक जण जुन्या पीसीत सहा-आठ डिस्क बसवून घरचा सर्व्हर करतात. डिस्क निवडताना खूप विचार होतो. केबल आणि कंट्रोलर कार्ड मात्र दुकानात असेल ते उचलले जाते. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणाऱ्या आणि सुटा भाग मिळायला दिवस लागणाऱ्या विदर्भाच्या या टोकाला या दोन वस्तू निवडताना वेगाआधी दोन गोष्टी बघाव्यात: वस्तू थंड राहील का, आणि बिघडली तर बदलता येईल का.

आधी मदरबोर्डवरचे पोर्ट मोजा

साध्या मदरबोर्डवर चार ते सहा साटा पोर्ट असतात. चार डिस्क लावायच्या असतील तर कार्डाची गरजच नाही. मात्र मदरबोर्डचे मॅन्युअल वाचावे, कारण एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, असे अनेक बोर्डांत असते.

वेगाचा हिशेबही इथेच करावा. आजची हार्ड डिस्क सेकंदाला १५० ते २५० एमबी देते. घरातल्या गिगाबिट नेटवर्कमधून मात्र सेकंदाला ११०-११५ एमबीच जातात. रोजच्या वापरात एकच डिस्क नेटवर्क भरून टाकते. कार्डाचा वेग जाणवतो तो सगळ्या डिस्क एकदम वाचल्या जातात तेव्हा, म्हणजे डेटाची तपासणी चालू असताना किंवा नवी डिस्क घालून पुनर्बांधणी होताना.

दोन ते सहा जादा डिस्क: साधे साटा कार्ड

यासाठी एएसएम११६६ चिपचे सहा पोर्टांचे किंवा जेएमबी५८५ चिपचे पाच पोर्टांचे कार्ड पुरते. दोन्ही पीसीआयई ३.० च्या दोन लेन वापरतात, म्हणजे सेकंदाला १,९०० एमबीच्या आसपास. सहा डिस्कना तेवढे भरपूर होते. हीच कार्डे एका लेनवर चालली तर वाटणी निम्मी होते, पण काम अडत नाही. ही कार्डे वीज कमी खातात आणि फारशी तापत नाहीत.

एका लेनच्या छोट्या कार्डावर दहा-सोळा पोर्ट दिसले तर मात्र थांबावे. एवढे पोर्ट एका चिपमधून येत नाहीत. मागे जेएमबी५७५ सारखा पोर्ट मल्टिप्लायर जोडलेला असतो. त्यातली एक डिस्क अडखळली की तिच्याबरोबरच्या बाकी डिस्कही गायब होऊ शकतात, आणि सर्व्हरला वाटते की चार डिस्क एकदम गेल्या. विकत घेताना पोर्टांच्या संख्येआधी चिपचे नाव विचारावे.

आठ डिस्क किंवा अधिक: एचबीए

एचबीए म्हणजे डिस्क जशीच्या तशी सर्व्हरपुढे ठेवणारे कार्ड. एलएसआय या कंपनीची, आता ब्रॉडकॉमच्या नावाने येणारी कार्डे यात सर्वाधिक वापरली जातात. मॉडेलच्या नावातच माहिती असते: ९२११-८आय मधला ८ म्हणजे आठ डिस्क आणि ‘आय’ म्हणजे कॅबिनेटच्या आतली जोडणी. शेवटी ‘ई’ असेल तर जोड बाहेरच्या बाजूला असतात. घरच्या पीसीला ते कार्ड नको. ९२११ पीसीआयई २.० चे, ९२०७ हे ३.० चे आणि ९३०० त्यापुढचे, १२ गिगाबिट सासचे (सास म्हणजे सर्व्हरमधल्या डिस्कची जोडणी). हार्ड डिस्कसाठी जुनी दोन्हीही पुरतात. डेलचे एच३१० आणि आयबीएमचे एम१०१५ यांवरही ९२११ चीच चिप आहे.

या सास कार्डाला साटा डिस्क चालते. उलटे चालत नाही: स्वस्तात मिळालेली सास डिस्क मदरबोर्डच्या साटा पोर्टला लागत नाही.

फर्मवेअर आयटी मोडचे हवे

हीच कार्डे रेडच्या, म्हणजे अनेक डिस्क स्वतः एकत्र बांधणाऱ्या, फर्मवेअरसह किंवा डिस्क जशाच्या तशा ठेवणाऱ्या आयटी मोडमध्ये मिळतात. झेडएफएस ही फाइल प्रणाली वापरणाऱ्या ट्रूनॅससारख्या सर्व्हर प्रणालीला डिस्क थेट दिसायला हव्यात, म्हणून आयटी मोडच घ्यावा. त्याचे खरे मोल कार्ड जळाल्यावर कळते. हार्डवेअर रेडमध्ये डिस्कवरची मांडणी कार्डाच्या पद्धतीने लिहिलेली असते, त्यामुळे त्याच घराण्यातले कार्ड शोधत बसावे लागते. आयटी मोडमधल्या साटा डिस्क काढून झेडएफएस चालणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही पीसीच्या साटा पोर्टना लावल्या तरी झेडएफएस त्यांना ओळखते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथे कुरिअरची वाट बघण्यापेक्षा शेजारच्या पीसीवर डेटा उघडणे कधीही बरे.

कार्डाला वारा द्या

एचबीएवर छोटा हीटसिंक असतो, पंखा नसतो. ही कार्डे सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेली आहेत. शांत कॅबिनेटमध्ये तो वारा नसतो. कार्ड साधारण १० वॉट सतत खाते, म्हणजे महिन्याला सातेक युनिट, आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. हिवाळ्यात हे खपून जाते. खोलीच ४० अंशांवर गेली की कार्ड चुका करू शकते, डिस्क मध्येच नाहीशा होऊ शकतात. हीटसिंकवर थेट वारा जाईल असा ४० किंवा ८० मिलिमीटरचा पंखा बसवावा आणि शेजारचा स्लॉट रिकामा ठेवावा.

विदर्भात यावरचा सोपा उपाय म्हणून सर्व्हर कूलरसमोर ठेवला जातो. तो टाळावा. कूलरच्या ओल्या हवेने जोडांचे धातू खराब होतात, आणि कोळशाची धूळ त्याच ओलीत चिकटून बसते. सर्व्हर त्याच खोलीत, पण झोताबाहेर ठेवावा. पावसाळ्याआधी आणि दिवाळीत ब्लोअरने धूळ काढावी.

साटा केबल: आखूड आणि क्लिपची

साटा केबलची कमाल लांबी १ मीटर. घरच्या कॅबिनेटला ३० ते ५० सेंटीमीटर पुरते. ३ गिगाबिटची आणि ६ गिगाबिटची केबल वेगळी नसते, त्यामुळे पाकिटावरच्या छापाला जादा पैसे देऊ नयेत. टोकाला धातूची क्लिप आहे का, ते बघावे. पंख्यांच्या कंपनाने साधी टोके सैल होतात. केबल काटकोनात मुडपू नये आणि सगळ्या केबल झिप टायने करकचून आवळू नयेत. हे जोड वारंवार काढ-घाल करण्यासाठी बनलेले नाहीत; जुनी, सैल पडलेली केबल वापरातून काढावी.

ब्रेकआउट केबल: दिशा विचारा

एचबीएच्या एका जोडातून चार डिस्क निघतात. ९२११ आणि ९२०७ ला एसएफएफ-८०८७ जोड असतो, ९३०० ला त्याहून लहान एसएफएफ-८६४३. एकाची केबल दुसऱ्याला लागत नाही. शिवाय एसएफएफ-८०८७ ची ब्रेकआउट केबल दोन प्रकारची असते. कार्डाकडून चार डिस्ककडे जाणारी ती फॉरवर्ड. मदरबोर्डच्या चार पोर्टांकडून डिस्क ज्यात खोचतात त्या बॅकप्लेनकडे जाणारी ती रिव्हर्स. दिसायला दोन्ही अगदी सारख्या, पण चुकीची लावली तर एकही डिस्क दिसत नाही. एचबीए आणि सुट्या डिस्क असतील तर फॉरवर्डच मागवावी.

विजेची केबल: इथे काटकसर नको

सुरू होताना ३.५ इंची डिस्क १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर घेते. आठ डिस्क एकदम फिरू लागल्या तर काही सेकंद १९० वॉटच्या घरात मागणी जाते. म्हणून सगळ्या डिस्क एकाच तारेवर लादू नयेत.

मोलेक्सवरून साटा करणारे, प्लास्टिक ओतून बंद केलेले स्वस्त अॅडॉप्टर आत शॉर्ट होऊन जळतात. लागलाच तर तारा वेगवेगळ्या दिसणारा, क्रिम्प केलेला घ्यावा. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. प्लग बसतो, पण आतल्या पिनांचा क्रम निराळा असू शकतो. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की सगळ्या डिस्क एका क्षणात जळतात. लाईट जाते-येते अशा ठिकाणी यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडावा, म्हणजे बॅटरी संपण्याआधी तो स्वतःहून बंद होईल.

दोष केबलचा की डिस्कचा

डिस्क बदलण्याआधी तिची स्मार्ट नोंद वाचावी. १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे सीआरसी चुका, वाढत असेल तर बहुधा केबल किंवा जोड दोषी. ५ आणि १९७ क्रमांकांचे आकडे वाढत असतील तर डिस्कच खराब होते आहे. १९९ चा जुना आकडा केबल बदलली तरी शून्यावर येत नाही. तो लिहून ठेवावा आणि पुढे वाढतो का, ते बघावे. आठही डिस्कवर एकदम चुका आल्या तर केबलऐवजी कार्डाच्या उष्णतेचा किंवा एसएमपीएसचा संशय घ्यावा.

जवळ ठेवायच्या वस्तू

दोन साटा केबल, एक फॉरवर्ड ब्रेकआउट केबल आणि एक छोटा पंखा घरात असू द्यावा. एचबीए वापरत असाल तर आयटी मोडमधले दुसरे कार्डही घेऊन ठेवावे. डेटाची एक प्रत मात्र दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे हवीच, कारण घरावर वीज पडली तर चांगल्या केबलचाही उपयोग नाही. सर्व्हर डिसेंबरात बांधून झाला तरी त्याची परीक्षा मेच्या दुपारी दोन वाजता घ्यावी: पूर्ण तपासणी लावावी आणि संपल्यावर १९९ चा आकडा बघावा. तो हलला नाही, तर निवड बरोबर आहे.