भाम, मंदर आणि साताऱ्याची वस्त्रे

यवतमाळच्या दक्षिणेला भाम नावाचे गाव आहे. नागपूर हाती येण्याआधी भोसल्यांचे वऱ्हाडातले ठाणे इथे होते. मोगलांच्या कैदेतून सुटलेल्या शाहू महाराजांना 1707 साली परसोजी भोसले आधी जाऊन मिळाले आणि त्या निष्ठेच्या बळावर सेनासाहेबसुभा हे पद घराण्यात टिकले. परसोजींमागून कान्होजी भामला राहून कारभार पाहू लागले. वसुलीचा हिशेब राजधानीत, साताऱ्याला, पोचेना, तेव्हा शाहूंनी कान्होजींच्याच पुतण्याला, रघूजींना, त्यांच्यावर धाडले. चुलत्या-पुतण्याची गाठ वणीजवळ मंदर इथे पडली. कान्होजी पकडले गेले. उरलेले आयुष्य त्यांनी कैदेत काढले.

मुलूख रघूजींनी तलवारीने मिळवला, पण सेनासाहेबसुभा म्हणवून घ्यायला वस्त्रे लागत, आणि ती साताऱ्याहूनच यावी लागत. छत्र, चामर, शिक्केकट्यार, जरीपटका या साऱ्यांचा जीव देणाऱ्याच्या हातात असतो, असे मला ठामपणे वाटते.

प्राचीन ग्रीकांनी हे फार बारकाईने पाहिले होते. होमरच्या ‘इलियड’मध्ये ग्रीक सेनापती अ‍ॅगमेम्नॉनच्या राजदंडाची, म्हणजे ‘स्केप्ट्रॉन’ची, वंशावळच दिली आहे : हेफायस्टसने घडवला, झ्यूसला दिला, मग हर्मीस, पेलॉप्स, आट्रेउस, थायेस्टीस अशा हातांतून तो आला. सभेत बोलणाऱ्याच्या हाती राजदंड देई तो ‘केरिक्स’, आपल्याकडचा चोपदारच म्हणा. संतापलेला अकिलीस अशाच सभेत राजदंडाची शपथ घेतो आणि तो जमिनीवर आपटतो. अ‍ॅगमेम्नॉनचा अधिकार आपण मानत नाही, हे सांगायला त्याला तेवढे पुरते.

ग्रीकांकडे दुसरी रीतही रुळली. ‘डायडेमा’ म्हणजे कपाळाभोवती बांधायची कापडी पट्टी. अलेक्झांडरचा वंश खुंटल्यावर, इ.स.पू. 306 मध्ये, सायप्रसजवळची सागरी लढाई मुलाने जिंकताच अँटिगोनस या सेनापतीने ती बांधली, मुलालाही पाठवली. पाठोपाठ टॉलेमी आणि सेल्यूकसही राजे झाले. वर कोणी उरलेच नव्हते. जय हीच सनद ठरली.

मंदरच्या विजयानंतर रघूजींना ही वाट मोकळी नव्हती; वर सातारा होता. त्यांच्या मुलांनाही नव्हती. 1755 मध्ये रघूजी वारले आणि जानोजी-मुधोजींत वाद पेटला. जानोजींना सेनासाहेबसुभा, तर मुधोजींना सेनाधुरंधर हे पद, असा तोडगा निघाला. जानोजींमागून, 1775 मध्ये, पाचगावच्या लढाईत मुधोजींनी भाऊ साबाजींना मारले. तरीही सेनासाहेबसुभा हे पद राहिले जानोजींच्या दत्तकाचे, म्हणजे मुधोजींच्याच मुलाचे, धाकट्या रघूजीचे. जिंकणाऱ्या बापाने मुलाच्या नावाने कारभार केला.

वऱ्हाडाने याची उलटी बाजूही, म्हणजे सत्तेविना मिळालेली चिन्हे, पाहिली, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. हैदराबादच्या निजामाने 1853 मध्ये वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिले. ते परत मिळावे म्हणून हैदराबादने वर्षानुवर्षे खटपट केली. अखेर 1936 च्या करारात हाती काय आले? वर्षाला 25 लाख रुपये, युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब आणि वऱ्हाडात ब्रिटिश निशाणाशेजारी आपले निशाण फडकवण्याचा हक्क. यवतमाळचा कारभार मात्र नागपुरात बसलेला गव्हर्नर पाहत होता.