थकलेला आवाज, पिकलेलं गाणं

एखादा नामवंत बुजुर्ग गवई आपल्या गावात येणार, अशी बातमी पेपरात आली की नांदेड काय आणि लातूर काय, घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं : 'या वयात एकदा त्यांना बघून घेऊ.' ऐकून घेऊ असं फारसं कुणी म्हणत नाही. देवळात जावं, लांबून दर्शन घ्यावं आणि परतावं, तसा हा भाव असतो. भाव काही वाईट नाही. पण ऐंशीच्या घरातल्या कलावंताकडून नेमकं काय ऐकायचं, हे ठाऊक असेल तर दर्शनही होतं आणि गाणंही पदरात पडतं. आज तेच थोडं समजून घेऊ.

वय वाढलं की गळ्याचं काय होतं? आपल्या स्वरयंत्रात दोन नाजूक पट्ट्या असतात. श्वास सोडताना त्या कंप पावतात आणि आवाज उमटतो. उतारवयात या पट्ट्यांची लवचिकता कमी होते, त्यांचे स्नायू बारीक होतात. छातीत पूर्वीइतका दम राहत नाही. त्यामुळे वरचे स्वर दुरावतात, लांब स्वर थरथरतो, तानेचा वेग मंदावतो. सतारियाची बोटं आखडतात, सनईवाल्याची फुंक तोकडी पडते. यातून कुणाची सुटका नाही.

मग जाणता कलावंत काय करतो? पहिली गोष्ट म्हणजे तो पट्टी उतरवतो. तरुणपणी काळी एकमध्ये गाणारा पांढरी एकमध्ये येतो, कधी त्याहून खाली. दुसरी गोष्ट, तो मंद्र आणि मध्य सप्तकात जास्त रमतो. तार षड्जाला जाऊन ठाण मांडण्याऐवजी त्याला नुसता स्पर्श करून परततो. तिसरी गोष्ट, तानांची लड सोडण्याऐवजी आलापीवर भर देतो. आणि चौथी, मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याला जागा देतो. गुरूने वाक्य अर्धं सोडायचं आणि शिष्याने ते पूर्ण करायचं, हा खेळ ज्याने लक्ष देऊन पाहिला त्याला गुरुकुलातला तास फुकट पाहायला मिळाला असं समजा.

गंगूबाई हनगल यांचं उदाहरण घ्या. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज बदलला, भारदस्त आणि पुरुषी झाला. त्या आवाजाची त्यांनी लाज बाळगली नाही. त्याच आवाजातून त्यांनी किराणा घराण्याची गायकी उभी केली. मैफलीत त्यांच्या कन्या कृष्णा हनगल त्यांना साथ करीत. कृष्णाबाई २००४ साली गेल्या. त्यानंतरही २००६ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी, गंगूबाईंनी आपल्या कारकिर्दीच्या पंचाहत्तरीनिमित्त शेवटची मैफल केली.

पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. मोठ्या आजारपणांमधून उठून ते याच महोत्सवात २००७ साली, ८५ व्या वर्षी, पुन्हा गायला बसले. तरुणपणी तीन सप्तकं घुमवणारा तो आवाज आता मोजकंच बोलणार होता, हे श्रोत्यांनाही ठाऊक होतं. पण स्वर कुठे लावायचा, किती वेळ धरायचा आणि कुठे सोडायचा, याचं ज्ञान गळ्यात नसतं, डोक्यात असतं. ते म्हातारं होत नाही. बुजुर्गांच्या मैफलीत ऐकायचं असतं ते हे.

कुणी म्हणेल, सगळ्या ध्वनिमुद्रिका घरात आहेत, मग धडपड कशाला? जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं वाजायची. तेवढ्यात राग मांडून ताना घेऊन मोकळं व्हावं लागे. पुढे लाँग प्ले आली, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. मैफलीत मात्र विलंबित ख्याल तासभर चालतो. समोरून दाद आली की गवई त्याच जागेवर नव्या वाटेने परत येतो. दाद आली नाही तर वाट बदलतो. म्हणजे मैफलीचं अर्धं गाणं श्रोताच घडवत असतो. तबकडीला तुमची दाद ऐकू येत नाही.

आणि तबकडीने आपल्याला एक वाईट सवयही लावली आहे. चाळीस वर्षांपूर्वीची कॅसेट कानात घेऊन आपण मैफलीला जातो, तोच अभंग त्याच पट्टीत आणि त्याच वेगात हवा म्हणून चिठ्ठ्या पाठवतो. समोर बसलेल्या वृद्ध कलावंताची तुलना त्याच्याच तरुणपणाशी करतो. हा त्याच्यावर अन्याय आहे. आज त्याला काय सुचतंय, तेवढंच त्याला विचारावं.

मराठवाड्याच्या श्रोत्याला हे जमणार नाही असं मुळीच नाही. आपला कान तयार आहे. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन घ्या. गुरू ग्रंथसाहिबाची रचनाच रागांनुसार आहे, आणि त्यात नर्सीच्या आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांनी भजना-कीर्तनातला पखवाज मोठ्या मैफलींच्या मंचावर नेला. नांदेडला फेब्रुवारीअखेर यशवंत महाविद्यालयाच्या प्रांगणात शंकर दरबार भरत आला आहे. अंबाजोगाईला नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात संगीतसभा होत आल्या आहेत. एरवी आमच्या पिढ्यांनी मोठं गाणं ऐकलं ते रेडिओवर. आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, आणि शनिवारी रात्री रेडिओभोवती बसणं हीच आमची मैफल होती. ज्यांना राहवत नसे ते रात्रीच्या गाडीने पुणं गाठत.

अडचण कानाची नाही, घड्याळाची आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले काही मोजके दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, तीही जास्तीत जास्त पंधरा दिवस. आजारी माणसाच्या, अभ्यास करणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. पण त्यामुळे पटांगणातली रात्रभराची मैफल संपली. मध्यरात्रीचा मालकंस आणि पहाटेचा ललित त्यांच्या वेळेला ऐकायला मिळणं दुर्मीळ झालं.

आता आपल्याकडचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. पत्रिकेत वेळ साडेसहाची. दीपप्रज्वलन, हारतुरे, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांची भाषणं यात साडेआठ वाजतात. मग एखादा तरुण कलावंत गातो. मानाची जागा शेवटची, म्हणून बुजुर्ग शेवटी बसतात, आणि त्यांच्या वाट्याला तीस मिनिटं उरतात. तंबोरे जुळेपर्यंत त्यातली दहा जातात. ज्यांना ऐकायला माणसं चाळीस कोसांवरून आली, त्यांचंच गाणं कापलं जातं. भाषणं दोन करा, सत्कार मैफलीनंतर करा, किंवा रविवारी सकाळी बंद सभागृहात बैठक ठेवा. सकाळचे राग ऐकायला मिळतील आणि वृद्ध कलावंतांचं जागरणही वाचेल. यासाठी जास्तीचा एक रुपया लागत नाही.

आणखी एक गोष्ट जरा मनाला लावून घ्यावी अशी. बाहेरून येणाऱ्या मोठ्या नावासाठी आपण गर्दी करतो, घरच्या बुजुर्गाला मात्र गृहीत धरतो. पंडित नाथराव नेरळकर नांदेडचे. अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य. मराठवाड्यात राहून त्यांनी आयुष्यभर गायलं, शिकवलं, आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला. २८ मार्च २०२१ रोजी ते गेले. त्यांना समोर बसून ऐकण्यासाठी आपल्याला पुण्या-मुंबईला जावं लागत नव्हतं. आपल्यापैकी किती जण गेले, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारावं. आजही आपल्या तालुक्याच्या गावी एखादे गुरुजी असतील, घरी मुलांना शिकवत असतील. त्यांची बैठक शेवटची कधी झाली?

वेळ कुणासाठी थांबत नाही. संतूरवादक पंडित शिवकुमार शर्मा १० मे २०२२ रोजी गेले, तेव्हा पुढच्याच आठवड्यात भोपाळला त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. डॉ. प्रभा अत्रे १३ जानेवारी २०२४ रोजी, ९१ व्या वर्षी गेल्या, तेव्हा त्यांनाही मुंबईतल्या कार्यक्रमाला जायचं होतं. कलावंत शेवटपर्यंत गायला तयार असतो. उशीर आपल्याकडून होतो.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी अशी मैफल असेल तेव्हा अर्धा तास आधी जाऊन बसा. तंबोरे जुळताना ऐका, तिथूनच गाणं सुरू होतं. मोबाइल खिशात ठेवा. घरातल्या एखाद्या शाळकरी मुलाला सोबत घ्या. त्याला राग कळला नाही तरी चालेल. आवाज थकल्यावरही माणूस सूर किती जपून लावतो, एवढं त्याला दिसलं तरी पुष्कळ झालं.