बर्फावरचं ‘डोला रे’

आमच्या आंबोलीत धुकं आणि धो धो पाऊस हवा तेवढा, बर्फ मात्र फ्रीजमधलाच. तरीही मी आइस डान्सची वेडी, आणि त्याला कारण मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट!

अमेरिकेतल्या मिशिगनची ही जोडी. 1997 मध्ये, दहाएक वर्षांची असताना एकत्र आली. 2010 च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकच्या वेळी एका फेरीचा विषय होता लोकनृत्य. यांनी निवडली चक्क हिंदी गाणी, त्यात आपल्या माधुरीचं ‘डोला रे डोला’! ती फेरी जरूर बघा. पायाखाली स्केटच्या पात्याची जेमतेम कड, अंगात भन्नाट वेग, आणि तशातही मेरिलची मनगटं कशी वळतात, बोटं कशी मिटतात-उमलतात ते पाहा. त्यासाठी दोघांनी भारतीय नृत्याचे धडे घेतले होते.

आइस डान्समध्ये जोडीदाराला डोक्यावर उचलायचं नाही, हवेत फेकायचं नाही. सगळी मदार पदन्यासावर. म्हणून मला हा प्रकार आपल्या नाचाच्या फार जवळचा वाटतो.

व्हँकूव्हरला रौप्य मिळालं. सुवर्ण गेलं कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांना. दोन्ही जोड्या सराव करायच्या एकाच रिंकवर, त्याच प्रशिक्षकांकडे! 2014 ला सोचीत मेरिल-चार्लीने सुवर्ण जिंकलं, या प्रकारातलं अमेरिकेचं पहिलं. त्यानंतर ते स्पर्धेत उतरले नाहीत.